पाणीमीटरातला हॉल सेन्सर: दीड महिन्यात संपणारा सेल आणि बंद मोटरीवर चढणारे आकडे

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. द्राक्षबागेच्या ठिबकसाठी त्यांनी बॅटरीवरचा पाणीमीटर बनवलाय. पाण्याने पंखा फिरतो, पंख्याबरोबर ६ मिलिमीटर व्यासाचं आणि ३ मिलिमीटर जाडीचं निओडायमियम चुंबक फिरतं. चुंबकापासून ३० मिलिमीटरवर, पाण्याबाहेर, चार पायांचा उघडा हॉल एलिमेंट आहे, म्हणजे करंट चालू असताना चुंबकक्षेत्र आलं की आडवा व्होल्टेज देणारी छोटी प्लेट, आणि त्यातून सतत २ मिलिअँपिअर करंट जातो. पुढे सिग्नल मोठा करणारा ऑप-अँप, त्यापुढे सिग्नलने ठरावीक पातळी, म्हणजे थ्रेशोल्ड, ओलांडला की सांगणारा कंपॅरेटर, थ्रेशोल्ड ट्रिमरच्या पेचाने लावलेला. पेन्सिल सेलच्या आकाराचा ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल. तक्रारी तीन: सेल दीड महिन्यात संपतो. दुपारी मोटर बंद असतानाही काही मीटरांचे आकडे चढतात. आणि डिसेंबरच्या पहाटे काही मीटर पाणी वाहत असूनही मोजत नाहीत. ‘सर, कुठला फिल्टर लावू आणि कमी करंटचा कुठला सेन्सर घेऊ?’

फिल्टर नको, आणि सेन्सरही हाच राहू द्या. करंट तर कमी करूच नका. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल, म्हणून हिशेबच मांडतो.

हा सेल साधारण २४०० मिलिअँपिअर-तासांचा. तुमचं सर्किट एकूण २.२ मिलिअँपिअर खातं. भागाकार केला की १०९० तास, म्हणजे ४५ दिवस. दीड महिना तंतोतंत जुळला. याचा अर्थ सेल बरा आहे, कुठे गळती नाही; सर्किट सांगितलं तेवढंच खातंय, फक्त चोवीस तास खातंय. तुमच्या पंख्याचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला पाच फेरे. ते पाहायला सेकंदातून बत्तीस वेळा डोळा उघडला तरी चालतं आणि प्रत्येक वेळी शंभर मायक्रोसेकंदही पुरतात. उरलेला सगळा वेळ तुम्ही रिकाम्या गोठ्यात दिवा जाळताय.

आता यातली खरी गंमत, जी मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. हॉल प्लेटचा सिग्नल करंटच्या प्रमाणात असतो. प्लेटचा आणि अँप्लिफायरचा पांढरा नॉइज, म्हणजे सततची अनियमित थरथर, मात्र करंटकडे बघत नाही. तो तुम्ही किती वेळ मोजता त्यावर ठरतो, वेळ निम्मा केला की १.४१ पट वाढतो. समजा करंट दुप्पट केला आणि वेळ निम्मा. सेलमधून गेलेला चार्ज तेवढाच. सिग्नल दुप्पट झाला, नॉइज १.४१ पट. म्हणजे त्याच पैशात सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर १.४१ पट सुधारलं. कमी वीज खाणारं सर्किट म्हणजे कमी करंटचं सर्किट, ही समजूत इथे उलटी पडते. जोरात, थोडा वेळ, आणि मग गाढ झोप.

इथे एक खड्डा आहे आणि बहुतेक जण त्यात पडतात. ‘लो पॉवर’ म्हटलं की माणूस एक मायक्रोअँपिअरवर चालणारा ऑप-अँप आणतो. त्याची बँडविड्थ, म्हणजे त्याला झेपणारा वेग, असते दहाएक किलोहर्ट्झ. त्यावर शंभरचा गेन, म्हणजे शंभरपट वाढ, घेतला की हातात उरतात शंभर हर्ट्झ, म्हणजे आकडा स्थिर व्हायला दहा-पंधरा मिलिसेकंद. तेवढा वेळ प्लेटला २ मिलिअँपिअर पाजत बसायचं? ऑप-अँपने वाचवलं त्याच्या शेकडो पट प्लेटने खाल्लं. उलट १० मेगाहर्ट्झचा, एक मिलिअँपिअर खाणारा अँप्लिफायर घ्या. शंभर गेनला १०० किलोहर्ट्झ मिळतात, त्याचा टाइम कॉन्स्टंट १.६ मायक्रोसेकंद, आणि १५ मायक्रोसेकंदांत तो चांगला स्थिरावतो. त्याला वीज मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरूनच द्या, काम झालं की पिन खाली.

आता दुपारच्या आणि पहाटेच्या तक्रारींकडे वळतो. या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच आहे.

तुमच्या जातीच्या गॅलियम आर्सेनाइड प्लेटची संवेदनशीलता ढोबळ मानाने २०० व्होल्ट प्रति अँपिअर-टेस्ला, रोध १ किलोओहम. २ मिलिअँपिअरला चुंबकक्षेत्राच्या दर मिलिटेस्लामागे ४०० मायक्रोव्होल्ट. तुमच्या मापाचं चुंबक त्याच्या अक्षावर ३० मिलिमीटरवर ०.६ मिलिटेस्लाच्या आसपास देतं. सिग्नल झाला २४० मायक्रोव्होल्ट. आणि ऑफसेट? चुंबक नसतानाच प्लेट जो खोटा व्होल्टेज दाखवते तो अशा एलिमेंटमध्ये २० मिलिटेस्लाच्या तोडीचा असू शकतो, म्हणजे ८ मिलिव्होल्ट. सिग्नलच्या तेहतीस पट! तुम्ही ट्रिमर फिरवून हे ८ मिलिव्होल्ट बाजूला सारले, खोलीत सगळं छान चाललं. पण त्या ८ मिलिव्होल्टमध्ये तापमानाने ३ टक्के फरक पडला तरी तो २४० मायक्रोव्होल्ट होतो, तुमचा अख्खा सिग्नल. दुपारी पत्र्याखाली पेटी पंचावन्न अंशांवर जाते तेव्हा थ्रेशोल्ड सरकून अगदी चुंबक थांबलंय त्या पातळीवर येऊन बसतो, आणि मग नॉइजच्या नुसत्या थरथरीने कंपॅरेटर टकटक करत राहतो. पहाटे तो उलट्या बाजूला इतका सरकतो की चुंबकाची लहर त्याला शिवतच नाही. चुंबकावर संशय घेऊ नका. निओडायमियम थंडीत थोडं जोरकसच होतं, अंशामागे ०.११ टक्के एवढाच त्याचा फरक. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला तरी चुंबक दमत नाही.

यावर सॉफ्टवेअरमध्ये ‘झिरो’चं बटण देणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. शून्य आत्ता बरोबर केलं तरी दुपारपर्यंत ते पुन्हा चुकणारच.

ऑफसेट का येतो ते डोळ्यांपुढे आणायचं तर चौरंग घ्या. पूजेचा चौरंग फरशीवर ठेवला आणि तो कलला. फरशीला उतार आहे की चौरंगाचा एक पाय आखूड आहे? नुसतं बघून कळत नाही. मग आपण काय करतो, चौरंग फिरवून बघतो. कल चौरंगाबरोबर फिरला तर दोष पायाचा. जागेवरच राहिला तर फरशीचा. हॉल प्लेट म्हणजे तो चौरंग. तिच्या चार पायांमध्ये चार रोध आहेत असं समजा, व्हीटस्टन ब्रिजसारखे. प्लेट बनवताना आकार छापणारा मास्क जरासा सरकला, सिलिकॉनवर किंवा गॅलियम आर्सेनाइडवर वेष्टनाचा दाब पडला की त्यातला एक रोध इतरांपेक्षा वेगळा होतो: आखूड पाय. चुंबकक्षेत्र म्हणजे फरशीचा उतार. प्लेट हाताने फिरवायची गरज नाही, जोडण्या फिरवल्या की झालं. यालाच स्पिनिंग करंट म्हणतात, आणि बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या हॉल आयसीच्या पोटात हेच चाललेलं असतं.

प्लेटच्या पायांना क्रमाने १, २, ३, ४ म्हणू. पहिलं माप: करंट १ मधून ३ कडे, व्होल्टेज २ वजा ४. दुसरं: करंट २ मधून ४ कडे, व्होल्टेज ३ वजा १. तिसरं: करंट उलटा, ३ मधून १ कडे, व्होल्टेज पुन्हा २ वजा ४. चौथं: करंट ४ मधून २ कडे, व्होल्टेज ३ वजा १. आता पहिली दोन बेरीज, शेवटची दोन वजा. कागदावर चिन्हं मांडून बघा. हॉल व्होल्टेज पहिल्या दोनमध्ये अधिक आणि पुढच्या दोनमध्ये उणे, म्हणून चौपट होतो. ब्रिजचा असमतोल उणे, अधिक, अधिक, उणे असा येतो; वजाबाकीनंतर शून्य. अँप्लिफायरचा स्वतःचा ऑफसेट चारही वेळा अधिकच, म्हणून तोही गेला. एवढंच नाही, पेटीच्या एका बाजूला ऊन लागून तांबं आणि सोल्डर यांच्या सांध्यांवर जे काही मायक्रोव्होल्ट तापमानाने उमटतात तेही करंटच्या दिशेला विचारत नाहीत, म्हणून त्याच वजाबाकीत वाहून जातात. नुसता चॉपर, म्हणजे फक्त स्वतःचा ऑफसेट कापणारा, अँप्लिफायर लावला असता तर हे सांध्यांचं खोटं व्होल्टेज तसंच राहिलं असतं, कारण ते त्याच्या दारात शिरण्याआधीच सिग्नलमध्ये मिसळलेलं असतं. ‘झिरो ड्रिफ्ट’ ऑप-अँप विकत घेऊन निश्चिंत झालेल्या मंडळींना हे सांगून मी थकलो.

बोनस म्हणजे, लो फ्रीक्वेन्सीचा जो नॉइज असतो, वन-बाय-एफ म्हणतात तो, त्याचाही मोठा भाग जातो. चार मापांच्या मिळून ऐंशी मायक्रोसेकंदांत तो फारसा हलत नाही, त्यामुळे तो ऑफसेटसारखाच वागतो आणि ऑफसेटसारखाच कापला जातो. शंभर आकड्यांची सरासरी घेऊन तो कमी होत नाही. सरासरीने फक्त पांढरा नॉइज उतरतो.

जोडणी सोपी आहे. प्लेटचा प्रत्येक पाय २२० ओहममधून मायक्रोकंट्रोलरच्या एकेका पिनला जोडा. ज्या दोन पिनांतून करंट द्यायचा त्यातली एक वर, एक खाली; उरलेल्या दोन इनपुटवर, म्हणजे मोकळ्या. ३ व्होल्टच्या रेग्युलेटरवर १४४० ओहममधून साधारण २.१ मिलिअँपिअर जातो. व्होल्टेज मात्र २२० ओहमच्या अलीकडे, थेट प्लेटच्या पायावरून घ्या आणि साध्या ॲनालॉग स्विचमधून अँप्लिफायरला द्या. स्विच उघडझाप करताना थोडा चार्ज टाकतो, त्याचा काटा दिसेल. १५ मायक्रोसेकंद थांबून मगच एडीसीला, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला, वाचायला सांगा, तोवर तो विरतो. ऑफसेट ८ मिलिव्होल्ट गुणिले १०० म्हणजे ०.८ व्होल्ट, अँप्लिफायर कुठल्याच टप्प्यात आपटत नाही. हे आधी तपासा. एका टप्प्यात जरी तो सप्लायला टेकला तरी वजाबाकी खोटी पडते, आणि आकडे मात्र अगदी साळसूद दिसत राहतात.

एलिमेंट घेताना डेटाशीटमध्ये इनपुटचा आणि आउटपुटचा रोध बघा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर प्लेट चारही बाजूंनी सारखी आहे, फिरवायला योग्य. इंडियम अँटिमोनाइडचे एलिमेंट सिग्नल भरपूर देतात, पण तापमानाला फार हळवे, शेतावर नकोत.

स्पिनिंगनंतर ऑफसेट शून्य होतो असं नाही. दहा ते शंभर मायक्रोटेस्लाएवढा गाळ उरतो, कारण प्लेटचा रोध व्होल्टेजनुसार किंचित बदलतो आणि करंट फिरला की प्लेटमधली उष्णताही फिरते. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच मापाचं. तुमची लहर ६०० मायक्रोटेस्लाची आहे. शून्याच्या दोन्ही बाजूंना १५०-१५० मायक्रोटेस्लावर थ्रेशोल्ड ठेवा: आकडा वर गेला की एक, खाली गेला की शून्य, मधल्या पट्ट्यात असेल तर जुनंच उत्तर कायम. ट्रिमर काढून टाका, त्याची गरजच उरली नाही.

अंबडच्या माझ्या शेडमधला एक किस्सा सांगतो, कारण तुम्ही पुढे हेच करणार आहात. पावसाळ्यासाठी चाळीस बोर्ड आम्ही इपॉक्सीत ओतले. ओतण्याआधी टेबलावर सगळे पास. दुसऱ्या दिवशी रेझिन कडक झालं आणि अकरा बोर्डांचं शून्य सरकलेलं. पोऱ्या म्हणाला, ‘साहेब, सेन्सर गेले.’ सेन्सर कुठेही गेले नव्हते. रेझिन सुकताना आकसतं, वेष्टन आवळतं, प्लेटवर ताण येतो आणि ब्रिजचा एक पाय आणखी आखूड होतो. एका बोर्डावर हेअर ड्रायर धरला तर मीटरवरचा आकडा माझ्यासमोर चालायला लागला, ड्रायर बंद केला की हळूहळू परत. तेव्हा आम्ही स्पिनिंग करत नव्हतो. आता करतो, तरीही सेन्सरवर आधी मऊ सिलिकॉनचा थेंब देतो आणि बोर्डाला सेन्सरच्या तीन बाजूंनी खाच पाडतो, म्हणजे बोर्ड वाकला तरी सेन्सर बसलेली जीभ सैल राहते. स्पिनिंगने ताणाचा ऑफसेट जातो, पण ताणाने संवेदनशीलता जी काही टक्के बदलते ती तशीच राहते. तुमच्या कामात त्याने बिघडत नाही. हॉल सेन्सरने करंट मोजणाऱ्याचं बिघडेल.

आता नॉइज. मुद्दाम इतक्या उशिरा आणला, कारण तुमच्या मीटरात तो मुख्य शत्रू नाही. प्लेटचा १ किलोओहम खोलीच्या तापमानाला दर रूट हर्ट्झमागे ४ नॅनोव्होल्ट देतो, अँप्लिफायरचे १५ धरा. वर्गांची बेरीज करून साडेपंधरा. १०० किलोहर्ट्झच्या अँप्लिफायरमागे एका मापाला ६ मायक्रोव्होल्ट, चार मापांच्या सरासरीला ३. चुंबकक्षेत्रात सांगायचं तर ८ मायक्रोटेस्लापेक्षा थोडं कमी, हा झाला एक सिग्मा. १५० चा थ्रेशोल्ड म्हणजे सुमारे वीस सिग्मा.

किती सिग्मा पुरे? सेकंदाला ३२ मापं म्हणजे दिवसाला साडेसत्तावीस लाख. थ्रेशोल्ड चार सिग्मावर असेल तर नुसत्या नॉइजने दिवसाला ८८ वेळा ओलांडला जाईल. पाचवर, दिवसाला एकाहून कमी. सहावर, वर्षातून एकदा. पायरी इतकी उभी आहे म्हणून नॉइजच्या बाबतीत ‘जरासं कमी’ आणि ‘जरासं जास्त’ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मी आठच्या खाली जात नाही. तुमच्याकडे वीस आहेत. ही शिल्लक आहे, ती खर्चून चुंबक लहान करा. पण चुंबक लांब नेण्याआधी एक लक्षात ठेवा: अंतराचा घन लागतो. हेच चुंबक २० मिलिमीटरवर २ मिलिटेस्ला देतं आणि ४० वर पाव. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अँप्लिफायरवर हजार रुपये घालण्याआधी पेटीची भिंत पाच मिलिमीटर पातळ करता येते का ते साच्यावाल्याला विचारा.

एक सेन्सर पुरत नाही, दोन लावा, एकमेकांपासून पाव फेऱ्याच्या अंतरावर. मग चार स्थिती मिळतात आणि त्या ठरावीक क्रमानेच येतात: ००, ०१, ११, १०. मोटर बंद झाल्यावर पाइपातलं पाणी मागेपुढे हिंदकळतं, पंखा थ्रेशोल्डच्या काठावर लटपटतो. एका सेन्सरला ती प्रत्येक लटपट नवा फेरा वाटते. दोन सेन्सर असले की एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, बेरीज शून्य. व्हॉल्व्ह गळून पाणी उलटं वाहिलं तर तेही कळतं. आणि ०० वरून एकदम ११ झाला तर ती उडी अशक्य आहे. ती फेऱ्यांत धरू नका, वेगळ्या खान्यात मोजून ठेवा. चार महिन्यांनी मीटर परत आला की हा खाना बोलतो.

तो खाना भरण्याचं शेतावरचं नेहमीचं कारण म्हणजे मोटरची वायर. पाच एचपीची थ्रीफेज मोटर सातसाडेसात अँपिअर घेते. तीन फेज एकाच केबलमध्ये असतील तर क्षेत्र जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतं. पण विहिरीवर तीन वायरी तीन दिशांनी गेलेल्या असतात. अशी एक वायर सेन्सरपासून ५ सेंटिमीटरवर असेल तर तिचं क्षेत्र ३० मायक्रोटेस्ला. मोटर सुरू होताना करंट सहापट झाला की १८०, म्हणजे तुमच्या थ्रेशोल्डच्या वर. शिवाय सेकंदाला ३२ मापांनी ५० हर्ट्झ पाहिलं तर ते १४ हर्ट्झ असल्याचं सोंग घेतं, आणि हे सोंग नंतर कुठल्याही फिल्टरला ओळखता येत नाही. वायरीचं क्षेत्र दोन्ही सेन्सरांवर एकदमच येतं, ते पाव फेऱ्याने मागेपुढे येत नाही, म्हणून अशक्य उडीत पकडलं जातं. तरीही सगळ्यात स्वस्त उपाय वीतभर अंतर हाच. बसवणाऱ्या माणसाला सांगा, पेटीवर छापून टाका.

स्क्रू पितळी घ्या. आपल्या भांडी बाजारात पितळ म्हणून जे दिसतं ते सगळं पितळ नसतं. वरून मुलामा, आत लोखंड. खिशात एक चुंबक ठेवा, दुकानदाराला राग आला तरी चालेल.

वीज आता किती लागते? प्लेट, अँप्लिफायर आणि जागा असलेला मायक्रोकंट्रोलर मिळून साडेचार मिलिअँपिअर, ८० मायक्रोसेकंद, दोन सेन्सर: एका डोळे उघडण्याला ०.७२ मायक्रोकुलंब. सेकंदाला ३२ वेळा म्हणजे २३ मायक्रोअँपिअर. पाणी बंद असताना सेकंदाला चार वेळाच बघा, ३ मायक्रोअँपिअरच्या आत. हालचाल दिसली की लगेच बत्तीसवर. पाण्याची पाळी दिवसाला तीन तास धरली तर सरासरी साडेपाच. झोपेतला मायक्रोकंट्रोलर आणि सेलची स्वतःची घट धरून दहाएक मायक्रोअँपिअर. २४०० भागिले ०.०१ म्हणजे सत्तावीस वर्षं. अर्थात कागदावर. त्याआधी सेल म्हातारा होईल, आणि तुम्ही त्यात रेडिओ घालणार असाल तर सेन्सरचा हिशेब विसरा, सगळी वीज तोच नेणार.

सेलबद्दल एक, कारण नव्या सर्किटात तो बहुतेक वेळ रिकामाच बसणार. थायोनिल क्लोराइड सेल बराच काळ अगदी कमी करंटवर बसला की आत लिथियमवर पापुद्रा धरतो. तो चांगलाच, त्यामुळेच सेल वर्षानुवर्षं टिकतो. पण मग एकदम करंट मागितला, त्यातही थंडीत, की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर द्या. ०.७२ मायक्रोकुलंबला तो ७ मिलिव्होल्टच उतरतो. घाव सेलवर पडतच नाही. इलेक्ट्रोलिटिक टाकू नका, तो एकटाच पाच-दहा मायक्रोअँपिअर गळू शकतो आणि आत्ताचा सगळा हिशेब धुऊन जातो.

तयार आयसी का घेऊ नये, असं विचाराल. जरूर घ्या. आतल्या आत स्पिनिंग करून झोपणारे हॉल लॅच, म्हणजे नुसतं हो-नाही सांगणारे आयसी, काही मायक्रोअँपिअरमध्ये मिळतात, टीएमआर या दुसऱ्या जातीच्या चुंबकीय सेन्सरचे त्याहून कमीत. घेताना दोन गोष्टी बघा: तो सेकंदाला किती वेळा जागा होतो, कारण काही वीस वेळाच होतात आणि तुमचा पंखा त्यांच्या हातून निसटेल, आणि त्याचा थ्रेशोल्ड किती, कारण बरेचसे २-३ मिलिटेस्लाच्या खाली ऐकत नाहीत आणि तुमच्याकडे ०.६ आहे. टीएमआर संवेदनशील असतो, पण त्याचा वन-बाय-एफ नॉइज जास्त आणि तो चौरंगासारखा फिरवता येत नाही. एएमआर या तिसऱ्या जातीत फिरवण्याऐवजी कॉइलमधून झटका देऊन चिन्ह पालटतात, तत्त्व तेच, पण तो झटका वीज खातो. दोनशे मीटर बनवायचे आणि चुंबक जवळ आणता येत असेल तर मी आयसीच घेईन. उघड्या प्लेटचा एक फायदा मात्र सोडवत नाही: तिच्याकडून नुसतं हो-नाही मिळत नाही, आकडा मिळतो. बाहेरून कोणी मोठं चुंबक चिकटवून मीटर थांबवायला गेला तर तो आकडा एकदम कित्येक मिलिटेस्लावर चढून बसतो आणि तुम्हाला तारखेसकट नोंद करता येते. ओझरकडच्या पाणी वापर संस्था १९९० च्या दशकापासून घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी घेतात. तिथे मीटर बसवायचा असेल तर ही नोंद कोणीतरी मागणारच.

हे सगळं जमलं की नाही ते कसं कळेल? त्यासाठी महागडी शील्डची पेटी लागत नाही. चुंबक काढा. बोर्ड लाकडी टेबलावर ठेवा, लोखंडी कपाट आणि मोबाइल लांब. प्लेट उत्तरेकडे तोंड करून हजार मापं घ्या आणि त्यांची सरासरी लिहा. मग बोर्ड तिथल्या तिथे अर्धा फेरा फिरवून दक्षिणेकडे तोंड, पुन्हा हजार. पृथ्वीच्या क्षेत्राचं चिन्ह बदललं, ऑफसेटचं नाही. दोन सरासऱ्यांची बेरीज भागिले दोन म्हणजे तुमचा उरलेला ऑफसेट, आणि हजार मापांचं विखुरलेपण म्हणजे नॉइज. हाच प्रयोग बोर्ड तासभर फ्रिजमध्ये ठेवून, आणि मग दुपारी गच्चीवरच्या पत्र्याखालून आणून करा. तिन्ही वेळचा ऑफसेट एकमेकांच्या ५० मायक्रोटेस्लाच्या आत असेल तर पेटी बंद करा. नसेल तर आधी चारही टप्प्यांचे आकडे वेगवेगळे छापून बघा: बहुधा एखाद्या टप्प्यात अँप्लिफायर स्थिरावण्याआधीच एडीसी वाचतोय, १५ चे २५ मायक्रोसेकंद केले की फरक जातो. तरी नाही गेला तर बोर्डावरचा स्क्रू चुंबकाला लावून पाहा.